एक्सरचे वीरगळ आणि एक विस्मृत आरमारी लढाई

इतिहासाच्या पुस्तकांत ज्या लढायांचीं नांवें आपण पाठ करितों, त्यांच्याविषयीं निदान तीन गोष्टी आपणांस ठाऊक असतात : लढाई कोणाकोणांत झाली, कोठें झाली व कोणत्या वर्षीं झाली. पानिपत म्हटलें कीं १७६१ हें साल आपोआप जिभेवर येतें. परंतु आपल्या साष्टींतच, बोरिवलीच्या पश्चिमेस, एका अशा लढाईचें स्मारक उभें आहे कीं, तिचें नांव नाहीं, साल नाहीं आणि लढणारांचीं नांवेंही नाहींत. तरीही जहाजें, वल्हीं, भाले, पाण्यांत कोसळणारीं माणसें, सारें कांहीं त्यावर डोळ्यांस दिसतें. हें स्मारक म्हणजे एक्सरचे वीरगळ. इ. स. २०२२ पासून एक्सर हें मेट्रो रेल्वेच्या एका स्थानकाचेंही नांव झालें आहे, तेव्हां तें पुष्कळांच्या कानांवरून गेलें असेल. त्या गांवच्या दगडांवर कोरलेली लढाई कोणती असावी, याचा शोध पंडितांनीं कसा घेतला आणि त्या शोधावर आपण कितपत विश्वास ठेवावा, हें प्रस्तुत लेखांत पाहावयाचें आहे.

प्रथम वीरगळ म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. हा शब्द कानडींतून आलेला आहे. 'कल्लु' म्हणजे दगड; म्हणून वीरगळ म्हणजे वीराचा दगड. रणांत पडलेल्या पुरुषाच्या स्मरणार्थ त्याचे आप्त, त्याचा गांव किंवा त्याचा धनी असा दगड उभा करीत. महाराष्ट्रांत जुन्या देवळांच्या आवारांत असे शेंकडों दगड पडलेले आहेत. आपण पुस्तक वरून खालीं वाचतों. वीरगळ मात्र खालून वर वाचावा लागतो. सर्वांत खालच्या पट्ट्यांत युद्ध व वीराचा मृत्यु असतो. त्याच्या वरच्या पट्ट्यांत अप्सरा त्यास स्वर्गीं नेतात. त्याहून वर तो शिवलिंगाची पूजा करीत बसलेला दिसतो, आणि शेवटीं माथ्यावर कलश व बहुधा चंद्रसूर्य कोरलेले असतात. म्हणजे चंद्रसूर्य आहेत तोंवर ही कीर्ति टिको, असा भाव. घाटावरच्या पुष्कळ वीरगळांच्या तळच्या पट्ट्यांत गाई असतात. गांवाचीं गुरें शत्रु हांकून नेऊं लागला, तीं सोडवितांना हा पडला, असा त्याचा अर्थ. एक्सरला गाईंच्या जागीं जहाजें आहेत. हा एवढा फरकच त्या गांवाचें तेव्हांचें जीवन सांगून जातो.

इ. स. १८८२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत या शिळांचें तपशीलवार वर्णन आहे. त्या वेळीं त्या एका तळ्याच्या कांठीं आंबराईंत ओळीनें उभ्या होत्या. एकूण शिळा सहा. त्यांपैकीं चार मोठ्या व दोन लहान. मोठ्या शिळा सुमारें दहा फूट उंच व तीन फूट रुंद आहेत. सामान्य वीरगळ लहान मुलाच्या उंचीचा असतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे या दगडांचा मान कळतो. एवढा पाषाण खाणींतून काढून, वाहून आणून, त्यावर बोटाएवढीं माणसें कोरविणें हें कोणा गरीब कुटुंबाचें काम नव्हे.

पहिल्या शिळेच्या तळाशीं जमिनीवरची लढाई आहे : तरवार घेतलेले दोन घोडेस्वार एका धनुर्धरावर चालून आले आहेत. तो धनुर्धर पडतो आणि शिवलोकीं जातो. एका शिळेवर युद्धाच्या धुमाळींत हत्तीही दिसतात. त्यांचें प्रयोजन पुढें येईल. तिसरी शिळा मात्र पाहतांच डोळे खिळून राहावे अशी आहे. तिच्या तळच्या पट्ट्यांत उंच वरंडीचीं पांच जहाजें लढाईस सज्ज होऊन चाललीं आहेत. प्रत्येकास डोलकाठी आहे आणि दिसणाऱ्या बाजूस नऊ नऊ वल्हीं आहेत. वरच्या पट्ट्यांत त्याच ताफ्यांतील चार जहाजांनीं एका जहाजास गांठलें आहे, आणि त्यावरचे खलाशी समुद्रांत पडत आहेत. त्याच्याही वर, ठरलेल्या रिवाजाप्रमाणें, लिंगपूजा, गंधर्व व कैलास. चौथ्या शिळेवर तर एकंदर आठ पट्टे आहेत व तळाशीं अकरा जहाजांचा ताफा आहे. लहान शिळांवरही आरमारी लढाईच आहे. एक-दोन ठिकाणीं अक्षरें कोरलेलीं होतीं. परंतु पाऊसवाऱ्यानें तीं इतकीं झिजलीं कीं, त्यांवरून कोणाचें नांव निघत नाहीं.

कोरणारानें शिडाची दोरी, वल्ह्याची रांग, जहाजाची उंच वरंडी इतकें सारें बारकाईनें दाखविलें आहे, त्यावरून त्यानें जहाजें जवळून पाहिलेलीं होतीं यांत संशय नाहीं. आणि तीं त्यास पाहावयास कोठें दूर जावें लागलें नसावें. आज एक्सरच्या भोंवतीं उंच इमारती आहेत. पण मध्ययुगांत साष्टी हें खरोखरीचें बेट होतें. उत्तरेस वसईची खाडी, पूर्वेस ठाण्याची खाडी, पश्चिमेस गोराई व मनोरीच्या बाजूनें खाडीचें पाणी बरेंच आंत येई. षट्षष्टि, म्हणजे सहासष्ट गांवें, या नांवावरूनच साष्टी हें नांव झालें. एक्सरहून चालत जाण्याजोग्या अंतरावर मंडपेश्वरचीं शैव लेणीं आहेत, आणि पूर्वेस डोंगरांत कान्हेरी. म्हणजे हा मुलूख त्या काळीं ओसाड नव्हता.

या मुलुखावर सुमारें साडेचारशें वर्षें उत्तर कोंकणच्या शिलाहार घराण्याचें राज्य होतें. त्यांचें वैभव शेतीपेक्षां बंदरांवर अधिक चाले. अनंतदेव राजाचा शके १०१६ चा, म्हणजे इ. स. १०९४-९५ च्या सुमाराचा, खारेपाटण येथें सांपडलेला ताम्रपट आहे. त्यांत आपल्या अमात्याच्या जहाजांना श्रीस्थानक, शूर्पारक, चेमुल्य इत्यादि बंदरांत जकात माफ केल्याचें नमूद आहे. श्रीस्थानक म्हणजे आपलें ठाणें, शूर्पारक म्हणजे सोपारें, चेमुल्य म्हणजे चौल. 'पश्चिमसमुद्राधिपति' असें बिरुदही हे राजे लावीत. बिरुदें फुगवून लावण्याची राजांस हौस असतेच. पण जकातमाफीचा ताम्रपट ही हिशेबाची बाब आहे, तींत फुगवटा कमी असतो.

या घराण्याचा शेवटचा राजा सोमेश्वर. त्याचे शिलालेख उरणजवळ रानवड व चांजे येथें मिळाले, पहिला शके ११८१ चा (इ. स. १२५९) आणि दुसरा शके ११८२ चा (इ. स. १२६०). त्या वेळीं घाटावर देवगिरीच्या यादवांचा प्रताप वाढत होता. कृष्ण यादवाच्या कारकीर्दींत कोंकणावर मोहीम झाली होती, पण कोंकण हातीं आलें नाहीं. इ. स. १२६१ मध्यें त्याचा धाकटा भाऊ महादेव गादीवर आला व १२७० च्या सुमारापर्यंत त्यानें राज्य केलें. पुढें ठाण्यास सांपडलेला शके ११९४ चा (इ. स. १२७२) ताम्रपट पाहावा. त्यांत अच्युत नायक नांवाचा यादवांचा अधिकारी साष्टींतील एक गांव दान देतो आहे. राजाचें नांव आतां रामचंद्र यादव.

विद्यार्थ्यांनीं येथें क्षणभर थांबून विचार करावा. १२६० मध्यें उरणच्या लेखांत शिलाहार राजा. १२७२ मध्यें साष्टींत यादवांचा अधिकारी. तेव्हां राज्य बदललें तें या बारा वर्षांच्या आंत. कोणत्याही बखरीचा आधार न घेतां, केवळ दोन दानलेख शेजारी ठेवून इतकें निश्चितपणें सांगतां येतें. इतिहासाच्या पुस्तकांत या युद्धाचें साल १२६५ असें दिलेलें असतें. तें कोठें कोरलेलें नाहीं, या बारा वर्षांच्या मध्यावर अंदाजानें ठेवलेलें आहे.

तें राज्य कसें बदललें याविषयीं एकच ग्रंथकार बोलतो. तो हेमाद्रि, म्हणजे ज्याच्या नांवानें आपण देवळांना हेमाडपंती म्हणतों तो. हा महादेव यादवाचा व पुढें रामचंद्राचा मोठा अधिकारी होता. त्याच्या 'चतुर्वर्गचिंतामणि' या धर्मशास्त्रावरील प्रचंड ग्रंथाच्या व्रतखंडांत आरंभीं यादव राजांची प्रशस्ति आहे. तींत तो म्हणतो कीं, सोमेश्वर समुद्र तरून जाण्यांत निष्णात होता, पण महादेवाच्या मत्त हत्तींच्या मदजलाच्या पुरांत तो सैन्यासह बुडाला. आणखी एके ठिकाणीं, महादेवाच्या क्रोधाग्नीपेक्षां समुद्रांतील वडवानल सुसह्य मानून त्यानें समुद्राचा आश्रय केला, अशी कल्पना आहे. संस्कृत कवींचे हे अलंकार बाजूला सारले, तर हातीं उरतें तें असें : यादवांच्या सैन्यांत हत्ती होते, सोमेश्वर समुद्राकडे वळला, आणि तो बुडून मेला.

आतां एक्सरच्या शिळा आठवा. जमिनीवरची लढाई, हत्ती, मग जहाजें, मग पाण्यांत पडणारीं माणसें. पुराणवस्तुखात्यांतील हेन्री कझिन्स यांनीं हे दगड बारकाईनें पाहिले. शिळांवरचा प्रसंग म्हणजे महादेव व सोमेश्वर यांचें हेंच युद्ध होय, असें मत पुढें आलें, आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्या सारख्या शिलाहारांच्या थोर अभ्यासकानें तेंच स्वीकारलें. जमिनीवर हत्तींपुढें हार खाऊन सोमेश्वर जहाजांवर चढला, यादवांच्या ताफ्यानें त्याचा पाठलाग केला व भर समुद्रांत त्याचा अंत झाला, अशी ही हकीकत पुष्कळ पुस्तकांत आज वाचावयास मिळते. ती इतकी नाट्यमय आहे कीं, एकदां वाचली म्हणजे दगडाकडे दुसऱ्या दृष्टीनें पाहवतच नाहीं. धोका आहे तो येथेंच.

मुका दगड व बोलका कवि यांची गांठ आपण घालून दिली आहे. त्या दोघांनीं एकमेकांचें नांव घेतलेलें नाहीं. ही गांठ पक्की आहे कीं सैल, हें तपासण्याचा अधिकार शाळेंतल्या मुलासही आहे. प्रस्तुत लेखकास कांहीं अडचणी दिसतात.

पहिली अडचण काळाची. शिळांवरचीं झिजलेलीं अक्षरें व शिल्पाची धाटणी तेराव्या शतकाहून जुनी आहे, असें मानणारे अभ्यासक झाले आहेत. तसें असेल, तर सोमेश्वराचा यांत कांहींएक संबंध उरत नाहीं. त्या आधींच्या काळांत कोंकणांत लढाया थोड्या का झाल्या? माळव्याच्या भोजराजाचे इ. स. १०२० चे दोन ताम्रपट कोंकणविजयाच्या उत्सवानिमित्त दिलेले आहेत. म्हणून कोणी या शिळांचा संबंध भोजाच्या स्वारीशीं जोडतात. तें मला फारसें पटत नाहीं, कारण धारच्या राजानें आरमार आणलें कोठून? याहून जवळचा प्रसंग वर सांगितलेल्या खारेपाटणच्या ताम्रपटांतच आहे. घराण्यांतील भाऊबंदकीचा फायदा घेऊन ज्या दुष्टांनीं कोंकण उध्वस्त केलें, त्यांस अनंतदेवानें आपल्या खड्गधारारूपी समुद्रांत लोटून दिलें, असें तेथें म्हटलें आहे. गोव्याचे कदंब आणि शिलाहार यांच्याही झटापटी त्या शतकांत झाल्या, आणि कदंब हे तर समुद्रावरचेच राजे.

दुसरी अडचण जहाजांची. जो प्रश्न भोजास विचारला तोच महादेवासही विचारला पाहिजे. देवगिरी समुद्रापासून कितीतरी कोस दूर, घाटाच्या पलीकडे. यादवांचें बळ घोड्यांचें व हत्तींचें. सोमेश्वराच्या जहाजांचा पाठलाग करील असा ताफा त्यांच्यापाशीं होता काय? याला एक उत्तर संभवतें. सिंघण यादवानें तेराव्या शतकाच्या आरंभींच कोल्हापूरच्या शिलाहारांचें राज्य घेतलें होतें, आणि त्या राज्याचा हात दक्षिण कोंकणापर्यंत पोहोंचत असे. तेथील बंदरांतून जहाजें व खलाशी मिळविणें अशक्य नव्हतें. उत्तर ठीक आहे. पण तें आपण दिलेलें आहे, दगडानें दिलेलें नाहीं.

तिसरी अडचण मला सर्वांत मोठी वाटते. हे दगड उभे केले कोणीं? वीरगळ त्याचाच असतो जो पडला. सोमेश्वराच्या पक्षाचे वीर पडले असतील, तर राजा बुडाला, राज्य गेलें, साष्टींत यादवांचा अंमल बसला, अशा वेळीं पराभूतांच्या स्मरणार्थ दहा दहा फुटांचे कोरीव पाषाण उघड्यावर उभे करण्याची ऐपत व मुभा कोणास होती? उलट ते यादवांच्या पक्षाचे म्हणावे, तर देवगिरीच्या वीरांचें स्मारक एक्सरसारख्या खेड्यांतच कां? तिसऱ्या शिळेवर चार जहाजें एकास घेरतात. पडलेला वीर चौघांच्या बाजूचा कीं एकट्याच्या, हेंही शिळेवरून उलगडत नाहीं. शिवाय लहान शिळा धरून सहा स्मारकें आहेत. तीं सारीं एकाच दिवसाच्या लढाईचीं असलींच पाहिजेत असें नाहीं. एखाद्या दर्यावर्दी घराण्याच्या दोन-तीन पिढ्यांचीं तीं असूं शकतील.

आणि लढाई राजाराजांचीच असली पाहिजे असें तरी कां धरावें? तेराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसचा प्रवासी मार्को पोलो यानें ठाण्याविषयीं लिहिलें आहे कीं, येथून चांचे बाहेर पडून व्यापाऱ्यांना लुटीत, आणि येथल्या राजाचा त्यांच्याशीं करार असे : लुटींत मिळालेले घोडे राजाचे, बाकीचा माल त्यांचा. ज्या किनाऱ्यावर असा व्यवहार चाले, तेथें एखाद्या गांवचा नाईक आपल्या बंदराच्या रक्षणार्थ चांच्यांशीं लढतां लढतां पडला असेल, हेंही तितकेंच शक्य आहे. घाटावर गुरांसाठीं जो पडला त्याचाच हा समुद्रावरचा भाऊ म्हणावा लागेल.

असा घोळ केवळ आपल्याकडेंच आहे असें समजूं नये. युरोपांत स्वित्झर्लंड देशांत मोरगार्टनची लढाई फार प्रसिद्ध आहे. ता. १५ नोव्हेंबर १३१५ रोजीं डोंगराळ खेडुतांनीं हाब्सबुर्ग घराण्याच्या ड्यूक लिओपोल्डच्या सैन्याचा तेथें पराभव केला. तिचें सविस्तर वर्णन पुढें कांहीं वर्षांनीं विंटरथूरच्या योहान्नेस नांवाच्या एका फ्रान्सिस्कन साधूनें लिहून ठेवलें. म्हणजे तेथें दिवस ठाऊक आहे, सेनापति ठाऊक आहे. पण नेमकी जागा कोणती, यावरून श्वीट्स व झूग हे दोन शेजारी परगणे अद्यापि वाद घालतात. आपल्याकडे उलट प्रकार : जागेवर स्मारक घट्ट उभें, आणि दिवस व सेनापति यांचा वाद. त्या साधूसारखा एखादा लिहिणारा एक्सरला असता तर!

मग माझें मत काय, असें कोणी विचारील. सोमेश्वर समुद्रांत बुडून मेला हें मी खरें मानतों. हेमाद्रि त्याच काळचा, त्याच दरबारचा, आणि शत्रूच्या मृत्यूचा प्रकार खोटा सांगण्यांत त्यास लाभ नव्हता. यादवांनीं उत्तर कोंकण १२६० व १२७२ च्या दरम्यान घेतलें हें तर लेखांनींच सिद्ध आहे. एक्सरच्या शिळांवर त्याच बुडण्याचें चित्र आहे, हें मात्र मी 'शक्य' या सदरांत ठेवीन, 'सिद्ध' या सदरांत नव्हे. हत्तींचा पुरावा मोहक खरा. पण हत्ती सर्वच राजांजवळ असत, खुद्द शिलाहारांजवळही. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेंत 'बहुधा' हा शब्द लिहिण्यास विद्यार्थी भितात, असें दिसतें. येथें तो न लिहिला तर उत्तर चुकेल.

वर्ष व राजा यांचा वाद बाजूला ठेवला तरी या शिळा आपणांस पुष्कळ देतात. मध्ययुगीन कोंकणांतील युद्धनौकांचीं इतकीं स्पष्ट चित्रें फार थोड्या ठिकाणीं पाहावयास मिळतात. वल्ह्यांनीं चालणारें, डोलकाठी असलेलें, मागें उंच असें जहाज. त्यावर ढाली व भाले घेतलेले लढवय्ये. शत्रूच्या जहाजास एकदम तिघां-चौघांनीं गांठण्याची रीत. हें सर्व कोणत्याही ताम्रपटांत लिहिलेलें नाहीं. आणि आणखी एक गोष्ट सावकाश पाहिल्यावर ध्यानांत येते. वरच्या पट्ट्यांत अप्सरा ज्याला उचलून नेतात तो वीर एकच आहे. खालीं वल्हीं मारणारे मात्र रांगेनें बसलेले आहेत, एका बाजूस नऊ, म्हणजे दोन्ही बाजूंस मिळून एका जहाजावर अठरा. पांच जहाजांवर नव्वद झाले. हे बहुतेक आपल्याच खाडीकांठचे कोळी-भंडारी असतील. त्यांतले जे पाण्यांत पडतांना कोरले आहेत, त्यांच्यासाठीं निराळा दगड नाहीं. वरच्या कैलासांतही ते कोठें दिसत नाहींत.

ज्यांस हे दगड प्रत्यक्ष पाहावयाचे असतील त्यांनीं सकाळीं लौकर किंवा दिवस कलतांना जावें. भर दुपारीं ऊन समोरून पडलें कीं झिजलेलीं शिल्पें सपाट दिसतात. तिरप्या उन्हांत प्रत्येक वल्ह्याची सांवली उमटते. ओळी स्पष्ट व्हाव्या म्हणून दगडावर खडू अथवा तेल मुळींच लावूं नये. त्यानें पाषाणाची हानि होते. वहींत प्रत्येक पट्ट्याचें रेखाचित्र खालून वर काढावें, आणि जहाजांची संख्या स्वतः मोजावी.